वहिनीची गिटार

१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुझ्या लक्षात आलं असेल की हे पत्र तुझ्या दादाने लिहिलेलं नाही. घाबरू नकोस. दुकानात वरच्या कप्प्यातल्या फ्रेमा काढताना हे स्टुलावरून घसरले आणि उजवा हात दुखावला. हाड वगैरे मोडलेलं नाही, पण डॉक्टरांनी लिहायला बंदी केली आहे. तेव्हा काही दिवस तुला माझी बाराखडी गोड मानून घ्यावी लागेल. शाळेत बाई म्हणायच्या, ही मुलगी लिहीत नाही, वहीवर धान्य सांडते.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. गिरणी बंद झाल्यावर क्वार्टर्सही रिकामे करायला सांगतील असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं तिथे काढलीस, मागांच्या खडखडाटात कान घालवलेस, आणि आता दोन ओळींची नोटीस. वाचताना मला राग आला.

तू इकडे राहायला येण्याबद्दल विचारलं आहेस. विचारायचं काय त्यात, हे तुला वर्षानुवर्षं बोलावत आहेत आणि तूच नाही म्हणत होतीस. फक्त थोडं थांब. मागची खोली रंगवायला काढली आहे आणि रंगारी एक दिवस येतो नि चार दिवस गायब होतो. झालं की कळवते.

बाकी ठीक. हे हल्ली थोडे शांत असतात. वयाप्रमाणे.

तुझी,
वहिनी


२५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हाताला लागलं ते समजलं. पण दादाच्या तोंडाला काय झालं? त्याने सांगायचं, तू लिहायचंस. त्याच्याकडून एकही शेरा नसलेलं पत्र मला आयुष्यात पहिल्यांदा आलं. 'शांत असतात' म्हणे. तो लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायचा. गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगायला बसला की त्याच्या तीन पिढ्यांची चौकशी करून सोडतो, हे तूच मला सांगितलं आहेस.

मला फोनवर ऐकू येत असतं तर आत्ता फोन करून त्याची हजेरी घेतली असती. मोबाईलवरचे ते तुकडे तुकडे मला लिहिता येत नाहीत आणि ते वाचून पोट भरत नाही. आमचं दोघांचं पत्रांवरच चालत आलं आहे. म्हणून सांगते, डाव्या हाताने का होईना, त्याला एक ओळ खरडायला लाव. 'भिंगरी, गप बस' एवढं लिहिलं तरी चालेल.

रंगाऱ्याचं काय झालं? इथे शेजारपाजारच्या खोल्या एकेक करून रिकाम्या होत आहेत. सकाळी नळावर मी एकटीच असते.

तुझी,
भिंगरी


१५ मार्च

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दुकान आता मीच पाहते, त्यात दिवस कसा जातो कळत नाही. डाव्या हाताने लिहायचा ह्यांना कंटाळा आहे. 'भिंगरीला सांग, घाई करू नको, सगळं नीट होईल,' असं म्हणाले.

अक्षर आणखी वाईट दिसत असेल तर त्याचं कारण माझ्या बोटांना फोड आले आहेत. गरम भांड्याला हात लागला. कागद धरायलाही त्रास होतो, म्हणून आज थोडक्यात आटोपते.

खोलीचं काम अजून रखडलं आहे.

तुझी,
वहिनी


४ एप्रिल

वहिनींस,

पत्रास कारण की माझ्याबरोबर मागावर काम करणारी माझी जोडीदारीण मागच्या आठवड्यात तुमच्या गावावरून गेली. मुद्दाम वाट वाकडी करून चष्मा दाखवायला दादाच्या दुकानी आली. भर दुपारी दुकान बंद होतं. ती समोर चहा घेत थांबली, तेव्हा तिने तुम्हाला पाहिलं. सायकलच्या दुकानावरच्या जिन्यातून तुम्ही उतरत होतात. पाठीवर गिटारची पिशवी होती, भोवती लहान मुलं होती आणि तुम्ही पोट धरून हसत होतात. तिने लग्नातल्या फोटोवरून ओळखलं. हाक मारावीशी वाटली नाही, म्हणाली.

गिटार शिकण्यात काही वाईट नाही. उलट या वयात हौस असावी. पण दादाचा हात जायबंदी, दुकानाला कुलूप, मला मात्र रंगाऱ्याच्या गोष्टी. भाजलेली बोटं कुठल्या भांड्यावर भाजली तेही आता कळलं. मी येऊ नये असं वाटत असेल तर सरळ लिहायचं होतं. मी बहिरी आहे, खुळी नाही.

सगळ्यात दुःख याचं की दादाही यात सामील आहे. निदान त्याने तरी एक ओळ लिहायला हवी होती.

मी बायकांच्या वसतिगृहात नाव घातलं आहे. जागा मिळेल. तुम्ही खोली रंगवण्याची घाई करू नये. उत्तराचीही तसदी घेऊ नये.

कळावे,
भिंगरी


१० एप्रिल

भिंगरी,

तुझ्या पत्रातलं 'तुम्ही' वाचलं आणि पत्र तसंच घेऊन गल्ल्यावर बसून राहिले. गिऱ्हाईक येऊन उभं होतं तेही दिसलं नाही.

आता सगळं सांगते. रंगारी नाही, कधीच नव्हता. तुझा दादा स्टुलावरून घसरला नाही. जानेवारी संपता संपता, दुकान उघडताना, शटर अर्धं वर गेलं असताना ह्यांना अर्धांगाचा झटका आला. मेंदूत गुठळी झाली होती. दवाखान्यात वेळेवर पोहोचलो म्हणून जीव वाचला. उजवा पाय बराच सुधारला आहे, काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून लुळा आहे. पण गेली ती वाचा. ऐकू येतं, समजतं, माणसं ओळखतात, नुसते शब्द येत नाहीत. बोलायला जातात आणि 'ता, ता' एवढंच निघतं. लिहिताही येत नाही, वाचताही येत नाही. तू डाव्या हाताची ओळ मागितलीस, तेव्हा मी पेन हातात दिलं होतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि पेन परत माझ्या हातात ठेवलं.

घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी ते काठी टेकत खाली दुकानात गेले. नंबर तपासायचा तक्ता आहे ना भिंतीवर, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणारी, त्याचा दिवा लावला आणि समोर उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांकडून वाचून घेतलेली अक्षरं. तोंड उघडलं, 'ता' म्हणाले, पुन्हा उघडलं, 'ता' म्हणाले. मग दिवा बंद केला. मी जिन्यातच उभी राहिले, खाली गेले नाही.

तुला का कळवलं नाही म्हणशील. ह्यांनीच नको म्हणून सांगितलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून ते एकच खूण करत होते. हात कानावर ठेवायचे आणि मान जोरजोरात हलवायचे. मी म्हटलं, 'कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही?' तर आणखी जोरात हलवायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटलं, एवढा बोलका माणूस, असा झालेला कुणाला कळू नये असं वाटत असेल. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. तुला तर नाहीच नाही. 'घाई करू नको' हे त्यांचं वाक्य मी माझ्या मनाने लिहिलं होतं. ते लिहून झाल्यावर मला जेवण गेलं नाही.

आता गिटार. आठवड्यातून एकदा बोलणं शिकवणाऱ्या बाई येतात. त्या म्हणाल्या, बोलण्याची वाट बंद पडली तरी गाण्याची वाट कधीकधी उघडी राहते. त्या येताना गिटार आणतात. दोन तारा छेडून 'पाणी दे' हे दोन सुरांत म्हणतात, ह्यांचा डावा हात धरून मांडीवर ताल देतात. तिसऱ्या खेपेला हे त्यांच्यामागे 'पाणी' म्हणाले. भिंगरी, अगदी स्पष्ट, पाणी. बाई गेल्या आणि सगळं बंद. मी म्हणून पाहिलं, पण माझा आवाज तुला माहीत आहे. मी गाऊ लागले की शेजारचे खिडक्या लावतात. हे बिचारे कपाळाला आठ्या घालून दुसरीकडे पाहायचे. सूर धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. म्हणून सायकलच्या दुकानावरच्या क्लासला नाव घातलं.

तिथले मास्तर पूर्वी बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्याकडे सगळी शाळकरी मुलं येतात, त्यात मी. सगळी मला काकू म्हणतात आणि माझ्या पुढे जातात. तारा म्हणजे सुऱ्या आहेत नुसत्या. डाव्या हाताच्या बोटांची टोकं आधी लाल झाली, मग फोड आले, मग कातडी सुटली. खालून नवी आली तीही दुखायची थांबेना. दोन बोटांनी तारा एकत्र दाबायचा कॉर्ड आला, तीन बोटांचा कसाबसा आला, पण एकावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं. मास्तर म्हणतात, 'काकू, तार दाबायची असते, तिच्यावर सूड उगवायचा नसतो.' तुझ्या मैत्रिणीने मला हसताना पाहिलं ना, तेव्हा हेच म्हणाले होते. झटका आल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते. ते नेमकं कुणीतरी पाहायचं होतं.

वसतिगृहात जाऊ नकोस असं म्हणायचा मला अधिकार राहिलेला नाही. पण 'तुम्ही' म्हणू नकोस.

वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

अगं, ती खूण म्हणजे मी.

मागांच्या खात्यात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आम्ही बायका ओठ वाचायचो आणि हातांनी बोलायचो, आणि प्रत्येकीचं नाव म्हणजे एक खूण होती. मुकादमाची खूण गाल फुगवणं. तुला मी जिच्याबद्दल लिहिलं त्या जोडीदारणीची, नाक चिमटीत धरणं, का ते विचारू नकोस. माझे कान गेल्यावर पोरींनी चेष्टेत माझं नाव ठेवलं, हात कानावर आणि मान नाही नाही. मीही हसून घेतलं. दादा मला भेटायला गिरणीच्या फाटकाशी यायचा तेव्हा रखवालदाराशी बोलून कंटाळला की सुटलेल्या बायकांना हीच खूण करून विचारायचा, ती आहे का आत? तू कधी गिरणीत आली नाहीस, तुला कसं कळणार.

सगळे शब्द गेले आणि त्याच्याकडे एक नाव उरलं, वहिनी, आणि ते माझं होतं. तो तुला सांगत होता की हिला बोलाव. आणि मी इथे बसून त्याला शिव्या घालत होते.

तुझी चूक नाही. कुणीही तोच अर्थ काढला असता. मी उद्याच्या गाडीने निघते. हे पत्र माझ्या आधी पोहोचलं तर त्याला सांग. तोंडाने सांगू नकोस. हात कानावर ठेव, मान हलव आणि मग दोन बोटं तळहातावर चालव.

भिंगरी


२ जुलै

प्रिय भिंगरी,

तू अशी तडकाफडकी का गेलीस? मी क्लासहून परत आले तर तुझी बॅग नाही आणि गल्ल्यावर चिठ्ठी. 'वसतिगृहात जागा मिळाली, लगेच गेलं नाही तर जाईल.' ही काय जायची रीत झाली? मी तुला बसथांब्यापर्यंत तरी सोडलं असतं.

तू होतीस तेव्हा घर भरलं होतं, हे मी कबूल करते. तू आलीस त्या दिवशी हे दारात तुला पाहून रडले, आणि मग तासाभरात तुम्ही दोघं हातांनी असे बोलायला लागलात की मला कळेना कुणाकडे पाहावं. चहा, औषध, दुकान, कुठलं गिऱ्हाईक कंजूष, कुठलं बडबडं, सगळ्याच्या खुणा झाल्या. एकदा तर हसून हसून ह्यांना ठसका लागला. मी आतून पाणी घेऊन आले आणि विचारलं काय झालं, तर तुम्ही दोघांनीही हात झटकले, सांगण्यासारखं नाही म्हणून.

तू गेल्यापासून हे खिडकीशी बसून असतात. दुकानात उतरत नाहीत. बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या की डोळे मिटून घेतात. काल मी गिटार घेऊन शेजारी बसले तर डाव्या हाताने ती बाजूला सारली. जोराने नाही, जेवण झाल्यावर ताट सारतात तशी. एफ कॉर्डवर मी अडले आहे, त्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं झोपवायचं असतं आणि माझं बोट झोपता झोपत नाही. पण तेही शिकून काय करायचं आता, असं वाटतं.

तिथे जेवणखाण बरं आहे का? खोलीत आणखी कोण आहे? तुझं काही माझ्या हातून दुखावलं गेलं असेल तर सांग. मला तरी काही आठवत नाही.

तुझी,
वहिनी


११ जुलै

प्रिय वहिनी,

आठवत नाही म्हणतेस तर मी आठवण करून देते. नाहीतर हे असंच आत कुजत राहील.

मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी बाई आल्या होत्या. त्या जाताना तू त्यांना दुकानात थांबवलंस. मी फ्रेमा पुसत होते आणि तुझी माझ्याकडे पाठ होती. तू म्हणालीस, 'नणंद आली आणि ह्यांची जीभ पुन्हा निजली. खुणांनी सगळं भागतं, मग बोलतील कशाला? मी बोटं सोलून घेते आणि ती येऊन दोन हात हलवते.' चष्म्याच्या दुकानात राहतेस, वहिनी. तिथे चारी भिंतींना आरसे आहेत. पाठ करून उभं राहिल्याने काय होतं? मी ओठ वाचते.

मला राग आला नाही असं नाही. पण बसमध्ये विचार करत गेले, तर त्यात खोटं काही सापडलं नाही. मी आल्यापासून त्याने तुझ्या गिटारबरोबर तोंड उघडलं नव्हतं, हे बाईंनीही सांगितलं होतं. मी असेन तर त्याला बोलायची गरज पडणार नाही. म्हणून गेले. रुसून नाही.

आता माझंही ऐक. माझे कान गेल्यापासून माणसं माझ्याशी कामापुरतं बोलतात. तोंड मोठं करून, एकेक शब्द, जणू मी लहान मूल आहे. तुमच्या घरी जे दिवस गेले त्यात दादाशी मी कामापलीकडचं बोलले. वडिलांच्या गोष्टी काढल्या. त्याला झटक्याची भीती किती वाटली ते त्याने मला सांगितलं, अंधार होतो तसा हात डोळ्यांवरून फिरवून. ते त्याने तुला सांगितलं आहे का? सांगितलं नसेल, कारण तू त्याच्या तोंडाकडे पाहत बसतेस. हात कुणी पाहायचे? त्याने मनातलं बोलून दाखवलं आणि घरात ते जमेसच धरलं गेलं नाही, कारण ते तोंडातून आलं नव्हतं.

तू एकदा मला गिटारवर हात ठेवायला लावलंस. तुला वाटलं, मला निदान थरथर तरी कळेल आणि बरं वाटेल. खरं सांगू? मागाच्या हादऱ्यापुढे ते म्हणजे हातावर माशी बसल्यासारखं. तुझं मन राखायला मी मान डोलावली. पण तुझी बोटं पाहिली होती मी. टोकांची कातडी दोऱ्याने काचल्यासारखी, अशी बोटं तर नव्या पोरींची मागावरसुद्धा होत नाहीत. माझ्या भावासाठी कुणी एवढं केलेलं मी पाहिलं नाही. ते मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. गिटार सोडू नकोस.

इथे बरं आहे. खोलीत एक निवृत्त टायपिस्ट आहे, ती माझ्याशी बोलत नाही आणि मी तिच्याशी. पंखा तेवढा दोघींचा आहे.

तुझी,
भिंगरी


८ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस मी पेन उचललं नाही. आरशाचं वाचलं तेव्हा खाली दुकानात जायची लाज वाटली. वर बसून राहिले. तू म्हणतेस त्यात खोटं नव्हतं, पण ते तुझ्या पाठीमागे बोलले हे खरं आहे, आणि बोलताना मला बरं वाटलं हेही खरं आहे. मला तुमचा हेवा वाटत होता. मी दिवसभर तार दाबून एक शब्द निघतो का पाहायचे आणि तू नुसतं बोट वर केलंस की ह्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. बायको मी आहे, असं मनात यायचं. इतकं क्षुद्र. मला माफ कर असं लिहिते आणि पुढे जाते, कारण सांगायचं पुष्कळ आहे.

हात पाहायला लागले आहे. पहिल्या दिवशी मी ह्यांच्यासमोर बसले आणि हात डोळ्यांवरून फिरवून दाखवला, तू लिहिलंस तसा. भीती वाटली? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूहळू होकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, 'मलाही.' एवढंच. त्यापुढच्या खुणा मला येत नव्हत्या.

गिटार मात्र मी बंद केली होती. क्लासला जाणं सोडलं. मास्तरांनी निरोप पाठवला, 'काकूंना म्हणावं, एफवर सगळेच अडतात, कुणी मरत नाही.' मागच्या रविवारी दुकान बंद होतं, हे खिडकीशी बसले होते, आणि मला उगाच हात शिवशिवल्यासारखं झालं. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठीच घेऊन बसले. तुमचे वडील दाढी करताना म्हणायचे ते गाणं, ऊठ रे ऊठ, ऊन आलं दारात, ते मास्तरांनी मला कॉर्ड लावून बसवून दिलं होतं. 'ऊठ रे ऊठ'पर्यंत ठीक जातं. 'ऊन' आलं की एफ येतो आणि माझं बोट फितूर होतं. तारा वाजायच्या ऐवजी खरखर करतात. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच खरखर. असं किती वेळ चाललं होतं देव जाणे.

आणि मागून आवाज आला, 'चुकलं.'

मी वळून पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या, चष्मा उलटा घालून आरशात पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे. मला वाटलं भास झाला. पुन्हा वाजवलं. एफ तर मुद्दामही बरोबर आला नसता.

'चुकलं,' ते म्हणाले. गाऊन नाही, भिंगरी. कुणाच्या मागून नाही. त्यांचं ते, रागाने, सरळ बोलून. मग त्यांनाच कळलं आपण काय केलं ते आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी गिटार मांडीवर धरून रडायला लागले आणि हे पुन्हा म्हणाले, 'चुकलं, चुकलं,' रडू नको म्हणायचं होतं बहुतेक.

तुला वाटेल आता सगळं सुरळीत झालं. नाही झालं. त्यानंतर ह्यांच्याकडे हा एकच शब्द आहे. चहा गार झाला, चुकलं. सदऱ्याचं बटण लागत नाही, चुकलं. परवा दुकानात उतरले, एका गिऱ्हाईक बाईने घातलेली फ्रेम पाहिली आणि तिच्या तोंडावर म्हणाले, चुकलं. ती रागावून गेली. खरं तर फ्रेम खरंच चुकली होती. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आपण होऊन आलेला शब्द आहे, याच्या मागे दुसरे येतील कदाचित. येतीलच का, विचारलं, तर म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही. हे स्वतःच्या लुळ्या हाताकडे पाहूनही तेच म्हणतात. तेव्हा मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं.

मी पुन्हा क्लासला जाते. एफ अजून येत नाही. आला तर हे मला काय म्हणतील, अशी धास्तीही आहे.

आज सकाळी मी तुझं पत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवलं, आरशाचा भागसुद्धा. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. वाचताना त्यांच्याकडे पाहिलं नाही. संपल्यावर ते म्हणाले, 'चुकलं.'

मी विचारलं, 'भिंगरी गेली ते?'

'चुकलं.'

'कुणाचं? माझं?'

त्यांनी बोट माझ्याकडे केलं. मी मान खाली घातली. जरा वेळाने वर पाहिलं तर तेच बोट त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवलं होतं. मग खिडकीतून बाहेर दाखवलं, बसथांब्याच्या बाजूला, जिथून तू गेलीस. तिघांचंही, असा त्यांचा निकाल आहे.

मी म्हटलं, 'मग आता काय करायचं?' ते उठले, काठी न घेता टेबलापर्यंत गेले आणि कागद घेऊन आले. पेनसुद्धा.

म्हणून हे लिहिते आहे. तू येऊन राहा. त्यांच्याशी हातांनी बोल, मी मधे येणार नाही, फक्त मलाही शिकव, अगदी पहिल्यापासून. मी सावकाश शिकते हे तुला आता माहीतच आहे. आणि संध्याकाळी तासभर गिटारचा राहील, तेव्हा तू हाताची घडी घालून बसायचं. एवढी अट मला घालू दे.

हे समोर बसले आहेत. वाचता येत नाही, तरी मी लिहिते आहे त्या प्रत्येक ओळीवर त्यांची नजर आहे. आत्तापर्यंत एकदाही 'चुकलं' म्हणाले नाहीत.

वाट पाहतो.

तुझी,
वहिनी